प्रवासखर्च फक्त विद्यार्थ्याला

चिखलीतल्या एका कॉलेजात मी संगणकशास्त्र शिकवतो, त्याला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझ्या विषयावर जीव लावून माझ्याशी बोलणारं माणूस मला एकच भेटलं, आणि ती माझी विद्यार्थिनी होती. तिला परदेशातल्या परिषदेला जाता आलं ते माझ्यामुळे, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. तिच्या सत्काराच्या दिवशी माझ्याही हातात शाल आणि नारळ पडला होता. लोक म्हणतात त्यातलं अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मी आजवर फार थोड्या माणसांपाशी बोललो आहे.

मुलगी लोणारची. एसटी स्टँडच्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं पाइप-नळांचं छोटं दुकान आहे. ती आमच्याकडे एम.टेक.ला आली तेव्हा वर्गात पाचच जण होते. बाकीच्या चौघांना डिग्री हवी होती. त्यात काही वाईट नाही, मलाही त्या वयात तेवढंच हवं होतं. ही मात्र पहिल्याच महिन्यात माझ्या केबिनमध्ये आली आणि हसत हसत मोबाइल पुढे करून म्हणाली, "सर, हे बघा."

बोललेलं आपोआप लिहून देणारी सोय फोनमध्ये असते, ती तिच्या आईनं वापरून पाहिली होती. आई म्हणाली होती, "मले नाही माहीत." फोननं लिहिलं होतं, "मळे नाही माहीत." पुढे आई म्हणाली, "त्याले इचार," तर फोननं "ताले विचार" असं काहीतरी करून ठेवलं होतं.

"आई म्हणते, मशीन बहिरं हाय," ती म्हणाली. मग तिचं हसू ओसरलं. "सर, याले शिकवता येईल का?"

पुढचं दीड वर्ष आम्ही तेच करत होतो. ती आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, कापूस वेचणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसायची आणि त्यांना विचारून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायची. कोणी सुनेबद्दल बोलायचं, कोणी गुडघ्याबद्दल, कोणी उगाच हसत राहायचं. शनिवारी आम्ही लॅबमध्ये बसायचो. त्या बोलण्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यापुढे जे बोललं गेलं तेच लिहायचं, आणि मग आमचा प्रोग्राम तसंच लिहितो का ते पाहायचं. एकेक वाक्य दहा-दहा वेळा ऐकायचो. वाद घालायचो. "सर, ती 'राह्यली' म्हणते, 'राहिली' नाही म्हणत." मी म्हणायचो, 'राहिली'च आहे. पुन्हा ऐकायचो, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. मी मूळचा अमडापूरचा. ही बोली माझ्या घरातलीच, पण इतकी वर्षं वर्गात पुस्तकी मराठी आणि इंग्रजी बोलून माझा कान बिघडला होता. शनिवारी घरी येताना मी गुणगुणत येतो, असं बायकोनं एकदा मला सांगितलं. मला त्याचा पत्ताच नव्हता.

हे काम एका मोठ्या परिषदेला पाठवायचं तिनं ठरवलं तेव्हा माझ्या मनात एक जुनी गोष्ट वर आली. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो तेव्हा माझा एक शोधनिबंध सिंगापूरच्या परिषदेत स्वीकारला गेला होता. कोणाची मदत नव्हती, विचारायला कोणी नव्हतं, तरी तो झाला होता. मी हौसेनं पासपोर्टही काढला. तेव्हाचे प्राचार्य म्हणाले, "पेपर त्यांनी घेतला ना? मग तुमची तिथं काय गरज? टपालानं पाठवून द्या." पण लेखकांपैकी कोणीतरी तिथे उभं राहून मांडल्याशिवाय निबंध छापायचा नाही, असा परिषदेचा नियम होता. प्रवासाचा खर्च उचलणारं कोणी मिळालं नाही. निबंध यादीतून निघाला. कोऱ्या पानांसकट त्या पासपोर्टची मुदतही संपली. त्यानंतर पुष्कळ वर्षं मी काही लिहिलं नाही, आणि का लिहीत नाही असं कोणी विचारलंही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तिचा फोन आला. ती लोणारला घरी होती.

"सर, घेतला! लिस्बनला, सर. पोर्तुगाल!"

ती दुकानातूनच बोलत असावी, कारण मागे कोणीतरी नळाला लावायची टेप मागत होतं आणि तिचे वडील "थांब ना बे, पोरगी काय म्हणते ते ऐकू दे" असं म्हणत होते. निबंधावर दोन नावं होती, आधी तिचं, मग माझं. मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन नुसता उभा राहिलो. ऊन मी म्हणत होतं, तरी आत यावंसं वाटेना.

दोन दिवसांनी ती चिखलीला आली. आताचे प्राचार्य भले गृहस्थ आहेत. त्यांनी पेढे मागवले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि अशा प्रवासासाठी कॉलेजकडे तरतूद नाही हे मान खाली घालून सांगितलं. मग आम्ही लॅबमध्ये बसून परिषदेचं संकेतस्थळ उघडलं. तिथे विद्यार्थ्यांसाठी प्रवासनिधीचं एक पान होतं. विमानाचं तिकीट, राहणं, परिषदेची फी, सगळं त्यात होतं. ती मोठ्यानं वाचत गेली. अर्जदार पूर्णवेळ विद्यार्थी असावा. निबंध त्यानं स्वतः मांडावा. एका निबंधामागे एकालाच मदत मिळेल. मार्गदर्शकाचं शिफारसपत्र हवं, आणि ते मार्गदर्शकानं स्वतः थेट पाठवावं.

वाचता वाचता ती थांबली. "तुमच्यासाठी काही आहे का, बघते," म्हणाली आणि पान खाली-वर करत राहिली.

"मले कशाले?" मी म्हणालो. "मी काय आता जाऊन राह्यलो."

तरी ती शोधतच होती. शिक्षकांसाठी तिथे काहीच नव्हतं.

सोमवारी मला निधीकडून मेल आली. तिनं अर्ज भरला होता, आता पत्र चढवायची लिंक माझ्याकडे आली होती. मुदत गुरुवारची. संगणकाच्या परिषदांची मुदत मोजायची एक गमतीची रीत आहे. पृथ्वीवर कुठेही गुरुवार शिल्लक असेल तोवर गुरुवारच धरायचा. म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी संध्याकाळचे साडेपाच. पुष्कळ वेळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी मी पत्र लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीपाशी अडलो. मंगळवारी काही गरज नसताना पुस्तकांचं कपाट आवरत बसलो. बुधवारी तिचा फोन आला.

"सर, लिंक आली का?"

"आली. पाहतो."

गुरुवारी तिचा फोन दोनदा आला आणि मी तो उचलला नाही. टेबलावर फोन थरथरत होता, त्यावर तिचं नाव दिसत होतं, आणि मी समोर बसून त्याच्याकडे पाहत होतो.

मी असं का केलं, याचा मी नंतर खूप विचार केला. तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. पण पत्र गेलं की ती जाणार होती, आणि शनिवारी दोघांनी मिळून केलेलं काम तिथे तिच्या एकटीच्या तोंडून बोललं जाणार होतं. माझ्या वाट्याला जे कधी आलं नाही, ते माझ्याच सहीनं मला दुसऱ्याच्या हातात द्यायचं होतं. ती सही मला जड झाली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं एका पोरीचा हेवा करावा, हे लिहिताना आजही लाज वाटते. पण होतं ते असं होतं.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सुट्टीमुळे तीही घरी होती. शुक्रवारी सकाळी ती लोणच्याच्या कैऱ्या घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "झालं का पत्र?"

"लिहितो."

"सोमवारपासून लिहूनच राह्यले तुमी. काऊन देऊन नाही टाकत?"

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं मोबाइलवर लोणच्याचा व्हिडिओ लावला आणि स्वयंपाकघरात गेली.

साडेनऊच्या सुमारास फाटक वाजलं. दारात माझी विद्यार्थिनी उभी होती. लोणारहून सहाच्या गाडीनं निघून, मेहकरला गाडी बदलून आली होती. चेहरा उन्हानं लाल झाला होता. हातात आंब्यांची पिशवी होती, आईनं दिलेली.

"सर, तुमचा फोन लागून नव्हता राह्यला," ती म्हणाली. "तिथं अजून 'पत्र आलेलं नाही' असंच दाखवते."

मी काही सांगायच्या आत तीच म्हणाली, "इकडं नेट नव्हतं का, सर?"

"हो ना," मी म्हणालो. "चार दिवस झाले. नेटच नाही."

आत व्हिडिओतली बाई मोहरीच्या डाळीचं प्रमाण सांगत होती.

"मग कॉलेजात जाऊ, सर. तिथं असेल."

आम्ही कॉलेजात गेलो. चौकीदारानं लॅब उघडून दिली. शिफारसपत्र विद्यार्थ्यानं पाहू नये असा संकेत आहे, म्हणून ती आपणहून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. मी आधी सहा ओळींचं ठरावीक पत्र लिहिलं. हुशार आहे, कष्टाळू आहे, वगैरे. मग ते पुसलं. दुसरं लिहिलं. त्यात मी म्हटलं की या विद्यार्थिनीनं मला माझीच बोली पुन्हा ऐकायला शिकवली. आमच्या भागात या विषयावर बोलायला आम्हा दोघांना एकमेकांशिवाय कोणी नाही. तिच्याशी बोलू शकतील अशी माणसं तुमच्या परिषदेत येतात, तिला त्यांच्यापर्यंत पोचवा. बारा वाजायच्या आत पत्र गेलं. दार उघडून पाहिलं तर ती भिंतीला टेकून, आपली पिशवी पोटाशी धरून झोपली होती. गाडी पकडायला पहाटेच उठली असेल. तिला उठवायच्या आधी मी बराच वेळ तिथे उभा होतो.

पंधरा दिवसांनी निधीकडून होकार आला. त्यात एक अडचण होती. तिकीट आधी आपण काढायचं आणि परतल्यावर पावत्या दाखवून पैसे घ्यायचे, असा त्यांचा रिवाज होता. तिच्या वडिलांना ते जमण्यासारखं नव्हतं. मी तसं स्पष्ट लिहून विचारलं की तिकीट तुम्हीच काढून द्याल का. निधीचं काम पाहणाऱ्या कोणा बाईचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. जरूर काढू. तुमच्या जवळचा विमानतळ कोणता?

मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिहा ना, लोणारच्या तळ्यात उतरवा म्हणा." कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं मोठ्यानं हसलो. मी मुंबई लिहिलं.

पासपोर्ट झाला, व्हिसासाठी ती वडिलांबरोबर मुंबईला जाऊन आली, आणि निघायला चार दिवस उरले तेव्हा व्हिसा हातात पडला. मुंबईच्या गाडीत तिला बसवायला मी आणि बायको चिखलीच्या स्टँडवर गेलो. विमानतळापर्यंत वडील जाणार होते. बायकोनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. मी तिला सांगायला बरंच काही ठरवून ठेवलं होतं. कुठे उभं राहायचं, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला लाजायचं नाही, घड्याळाकडे कधी पाहायचं. गाडी लागली आणि मी एवढंच म्हणालो, "पाणी पित जा."

तिचं भाषण नेमकं पोळ्याच्या दिवशी आलं. तिथले सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन. सहलेखक म्हणून मला ते इथून पाहण्याची सोय मिळाली होती. घरी बसून पाहता आलं असतं, पण मी लॅबची किल्ली घेऊन एकटाच कॉलेजात गेलो. कॉलेज बंद होतं. बाहेरच्या रस्त्यानं शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल तोरणाकडे चालले होते. खिडक्या लावल्या तरी डफड्याचा आवाज आत येत होता.

पडद्यावर मोठं सभागृह दिसत होतं. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. ती निळ्या कुर्त्यात व्यासपीठावर आली. पहिल्या चित्रावर आमची दोन नावं होती. तिनं आपलं वाचलं, माझं वाचलं, आणि आम्ही बसवलेल्या भाषणात नव्हतं असं एक छोटं वाक्य इंग्रजीत बोलली. माझे सर घरी आहेत, एवढंच. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे समजुतीनं हसले. मी म्हातारा आहे किंवा आजारी आहे असं त्यांना वाटलं असेल. मी त्या बंद लॅबमध्ये, कानांना हेडफोन लावून, ते वाक्य धरून बसलो. त्या नादात तिची पुढची दोन मिनिटं मी ऐकलीच नाहीत.

मग तिनं रेकॉर्डिंग लावलं. कापूस वेचणाऱ्या एका बाईचं. "मले काय माहीत बाई, त्याले इचार, तो हिंडून राह्यला गावभर." आणि शेवटी तिचं ते हसणं. हा तुकडा मी शंभर वेळा तरी ऐकला असेल. पण त्या सभागृहात तो घुमला तेव्हा मी तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकला.

भाषण संपल्यावर एक गृहस्थ उभे राहिले. त्यांनी विचारलं, हे सगळं बोलणं प्रमाण भाषेत आणूनच का लिहीत नाही? काम किती सोपं होईल. हा प्रश्न येणार हे आम्हाला माहीत होतं. त्याचं उत्तर आम्ही तक्त्यासकट तयार केलं होतं. मी इथे खुर्चीतून उठलो. "तक्ता दाखव," मी मोठ्यानं म्हणालो, जणू तिला ऐकू जाणार होतं.

तिनं तक्ता दाखवला नाही. ती सावकाश इंग्रजीत म्हणाली, "त्या बाईनं तसं म्हटलंच नव्हतं. ती जे बोलली नाही ते मी तिच्या नावावर कसं लिहू?"

ते गृहस्थ मान डोलवत खाली बसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग बऱ्याच जणांनी वाजवल्या. ते उत्तर माझं नव्हतं. मला ते सुचलंही नसतं. मला अभिमान वाटला, आणि त्याच वेळी आपले शनिवार आता संपले, हेही मला कळलं. पडद्यावर पुढचा वक्ता आला तरी मी ऐकत बसलो. तो काय बोलला ते आठवत नाही.

घरी गेलो. बायकोनं पुरणपोळी वाढली. "चांगलं झालं का तिचं?"

"फार चांगलं झालं."

"मग तोंड काऊन असं?"

मी तुपाची वाटी पुढे ओढली. सांगण्यासारखं दुःख नव्हतंच ते.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी ती वडिलांना घेऊन आमच्याकडे आली. बायकोसाठी निळी नक्षी असलेली एक छोटी फरशी आणली होती, माझ्यासाठी परिषदेची छापील पुस्तिका. आमच्या निबंधाच्या पानाला तिनं दुमडून खूण केली होती. मागच्या अंगणातला आमचा नळ कित्येक दिवस गळत होता. तिच्या वडिलांच्या ते लगेच ध्यानात आलं आणि पान्हा मागून ते बायकोबरोबर तिकडे गेले. आम्ही दोघंच बसलो.

"लोक भेटले का?" मी विचारलं.

"शेवटी भेटले. पहिले दोन दिवस कोणीच नाही, सर. चहाच्या वेळी सगळे घोळका करून उभे राहतात. मी कप घेऊन भिंतीजवळ उभी राहायची अन् मोबाइलमध्ये काही पाहून राह्यले असं दाखवायची. जेवायला पण एकटीच. खोलीवर आले की आपलं रेकॉर्डिंग लावायची. त्या बाया बोलत राहायच्या अन् मी ऐकता ऐकता झोपायची."

मला वाटत होतं तिथे सगळे एकमेकांशी बोलत असतील. इतकी वर्षं मी तेच समजून चाललो होतो.

भाषणानंतर मात्र माणसं तिच्याकडे आली होती. एका परदेशी प्राध्यापिकेनं तिला आपल्याकडे पीएच.डी.साठी अर्ज करायला सांगितलं होतं. "त्याले तुमचं पत्र लागते, सर," ती म्हणाली.

"देतो. आजच देतो." आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी नेट होतं."

ती आपल्या हातांकडे पाहत म्हणाली, "मले माहीत हाय, सर."

"कसं?"

"काकू आत लोणच्याचा व्हिडिओ पाहून राह्यल्या होत्या. अडकत बी नव्हता."

"मग तूच का म्हणालीस, नेट नव्हतं का म्हणून?"

"मले पत्र पाहिजे होतं, सर. भांडण नव्हतं पाहिजे." मग ती म्हणाली, "त्या पानावर तुमच्यासाठी काहीच नव्हतं ना, तवाच तुमचं मन उतरलं होतं. मी पाहिलं होतं."

"मला माफ कर," मी म्हणालो. विद्यार्थ्याला असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होतो.

"आता आजच द्या म्हणजे झालं," ती म्हणाली आणि हसली. मागून तिच्या वडिलांनी हाक मारली, "सर, नळ चालू करून पाहा बरं!" मी उठून गेलो. नळ थेंबभरही गळत नव्हता.

पत्र मी त्याच दिवशी दिलं. पुढच्या वर्षी ती गेली. पहिले काही महिने दर शनिवारी फोन करायची आणि तासभर बोलायची. मग महिन्यातून एकदा. आता दिवाळीला आणि पाडव्याला करते. याची मला तक्रार नाही. तिच्या आजूबाजूला आता पुष्कळ माणसं आहेत, आणि माझ्या पत्रात मी मागितलं होतं तेच झालं. शनिवारी काही आठवडे मी लॅबमध्ये जाऊन बसलो, जुने तुकडे ऐकले, एक-दोन चुका दुरुस्तही केल्या. पण 'राह्यली' की 'राहिली' असं भांडायला समोर कोणी नसलं की ते काम पुढे सरकत नाही. मी वर्गात विचारून पाहिलं. पोरं गुणी आहेत, पण त्यांचं सगळं लक्ष पुण्याच्या नोकऱ्यांकडे असतं. सहकारी मला गमतीनं "काय, लिस्बनवाले सर!" म्हणतात. मी हसतो.

तिच्याच सांगण्यावरून मी त्या प्रवासनिधीचे अर्ज वाचण्याचं काम घेतलं. त्याचा मोबदला नसतो. दर उन्हाळ्यात अर्जांचा एक गठ्ठा येतो. कुठकुठल्या देशांतले, कधी नाव न ऐकलेल्या गावांतले विद्यार्थी असतात. त्यांची गावं मी नकाशात शोधत बसतो. गेल्या खेपेला एका मुलीनं लिहिलं होतं की आमच्या गावात माझं काम कोणाला सांगायला गेलं तर ते आधी माझ्या लग्नाचं विचारतात. अर्जदाराला उत्तर लिहायची आम्हाला मुभा नाही. मी तिला पूर्ण गुण दिले आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, हिला पाठवाच. ती गेली की नाही हे मला कळलं नाही. वाचणाऱ्यांना ते कळवत नाहीत.

मागच्या महिन्यात एका लग्नासाठी आम्ही लोणारला गेलो होतो. मांडवात बसून कंटाळा आला म्हणून मी तिच्या वडिलांच्या दुकानाकडे गेलो. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मोबाइलमध्ये पोरीचे फोटो दाखवले. बर्फातला, सायकलवरचा, कुठल्याशा मोठ्या दारापुढचा. फोटो संपल्यावर त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

मग ते म्हणाले, "सर, एक इचारू का? हसान नाही ना?"

"विचारा की."

"ते तिकडं नेमकं काय करते हो? लोक इचारतात तं मी म्हनतो कंप्युटर. तिले इचारलं तं ते म्हनते, बाबा, फोनवर नाही सांगता येत."

मी सांगायला लागलो. त्यांच्या बायकोच्या "मळे"पासून सुरुवात केली. मशीन आवाज कसा ऐकतं, त्याचे तुकडे कसे करतं, दोन तुकडे सारखे वाटले तर कोणता निवडायचा हे कशावरून ठरवतं, सगळं सांगत गेलो. ते पाइपच्या जोडांच्या खोक्यांमध्ये मांडी घालून ऐकत होते. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्याला अर्ध्या इंचाचा एल्बो हवा होता. तो देऊन ते पुन्हा माझ्याकडे वळले.

"हं. मग मशीन चुकते म्हनले तुमी. चुकलं हे त्याले सांगते कोन?"

हा फार चांगला प्रश्न होता. मी त्यांच्याकडून कागद मागून घेतला आणि आकृती काढायला लागलो. तेवढ्यात बायकोचा फोन आला. "कुठं हाय तुमी? पंगत बसून राह्यली इकडं."

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

आम्ही त्या दिवशी शेवटच्या पंगतीला जेवलो.